बेपत्ता शिपाई आणि बेळगावची मास्तरीण: युद्धकाळातील रहस्यकथा कशी रचावी

युद्धात हरवलेल्या माणसाची रहस्यकथा लिहायला घेताना ‘खून कोणी केला’ हा नेहमीचा प्रश्न बाजूला ठेवावा, कारण रणांगणावर मारणारे हात असंख्य असतात आणि ताप, हगवण व भूक यांच्यावर खटला भरता येत नाही. अशा कथेला पुढे नेणारा प्रश्न निराळा असतो. माणूस मेला असे कोणता कागद म्हणतो, तो कोणाच्या सांगण्यावरून लिहिला गेला, आणि मागे राहिलेल्यांपैकी कोणाला तो हवा होता व कोणाला नको होता, हे शोधायचे असते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी लेखकाला हा विषय परका नाही, कारण पलटणीतील नोकरी, मनीऑर्डर आणि पेन्शन यांवर चाललेली घरे येथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. शोध घेणारी व्यक्ती स्त्री असावी असे मी सुचवेन. तिची योजना केवळ नावीन्यासाठी न करता कथेच्या रचनेतूनच कशी निघते, ते पुढे येईल.

आधी साल ठरवा

कथेचे साल १९२३ धरावे आणि हरवलेला माणूस १९१६ मध्ये मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुट-अल-अमारा येथे बेपत्ता झालेला असावा. ब्रिटिश जनरल टाउनशेंडच्या सहाव्या डिव्हिजनच्या तिन्ही पायदळ ब्रिगेडींत एकेक मराठा पलटण होती: १०३, ११० आणि ११७. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे चढाई थांबली, फौज मागे हटून कुटच्या नदीवळणात शिरली, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुर्की वेढा पडला आणि जवळजवळ पाच महिन्यांच्या उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी लढवय्ये व बिगरलढवय्ये मिळून सुमारे १३,००० माणसे शरण गेली. पुढे भारतीय कैद्यांना वाळवंटातून चालवत नेले गेले आणि पुष्कळांना आजच्या सीरियातील रास-अल-ऐनच्या परिसरात रेल्वेच्या कामाला जुंपले गेले. वाटेत कोण कोठे पडला याची नोंद बहुतेक ठिकाणी कोणी ठेवली नाही. रहस्यकथेला लागणारी पोकळी इतिहासानेच येथे करून ठेवलेली आहे.

आता १९२३ कशासाठी, ते पाहू. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या १०८ व्या कलमानुसार, ज्यांना एखाद्याची खबर स्वाभाविकपणे लागली असती त्यांना सात वर्षे ती लागली नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येई. कुटच्या शरणागतीत हरवलेल्या शिपायाची सात वर्षे एप्रिल १९२३ च्या अखेरीस भरतात. म्हणजे तोवर गप्प असलेला कोणीतरी नातेवाईक त्या उन्हाळ्यात बेळगावच्या कोर्टात अर्ज घेऊन जाऊ शकतो, आणि कथा तेथे सुरू होते. धर्मशास्त्राचा हिशेब मात्र वेगळा आहे. परदेशी गेलेल्याची बारा वर्षे वाट पाहावी आणि मग पळसाच्या पानांची प्रतिकृती करून पालाशविधीने तिचे दहन करावे, अशी रीत सांगितलेली आहे. कोर्टाच्या लेखी १९२३ मध्ये मेलेला माणूस गावच्या भटजींच्या लेखी १९२८ पर्यंत जिवंत राहू शकतो, आणि तेवढी पाच वर्षे त्याच्या बायकोने कपाळाला कुंकू लावायचे की नाही, यावर घरात रोज वाद होऊ शकतो. माझ्या मते कादंबरीचा खरा ताण या पाच वर्षांत आहे, आणि तो गोळीबाराच्या दहा प्रसंगांनी साधणार नाही.

याच ठिकाणी मालमत्तेचा धागा घट्ट विणून घ्यावा, कारण हेतूशिवाय रहस्य उभे राहत नाही. हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काच्या १९३७ च्या कायद्यापूर्वी एकत्र कुटुंबातील पुरुष वारला की त्याचा हिस्सा उरलेल्या पुरुषांकडे जाई आणि विधवेला पोटगीवर राहावे लागे. विभक्त झालेल्या, निपुत्रिक पुरुषाची विधवा मात्र हयातभर त्याच्या वाट्याची मालकीण असे. समजा, या घरात १९१७ च्या उन्हाळ्यात भावाभावांची वाटणी झाली आणि बेपत्ता भावाचा वाटा कागदावर बाजूला काढून ठेवला गेला. शिपाई १९१६ मध्ये कुटला मेला असेल तर तो वाटा मुळात त्याचा झालाच नाही. १९१८ मध्ये रास-अल-ऐनला मेला असेल तर शेत त्याच्या बायकोचे. सात वर्षांचे कलम माणूस मेला एवढेच गृहीत धरते, कोणत्या दिवशी मेला ते नाही, आणि तारखेवर हक्क सांगणाऱ्याला ती पुराव्याने शाबीत करावी लागते. त्यात आणखी एक गाठ आहे. मुंबई इलाख्यात विभक्त घरातील विधवेला नवऱ्याची स्पष्ट आज्ञा नसतानाही दत्तक घेता येई, पण त्यासाठी ती आधी विधवा असावी लागे. म्हणून दीर आणि भावजय या दोघांनाही मृत्यूचा दाखला हवा आहे, फक्त वेगवेगळ्या तारखेचा. आणि सासूला तो कोणत्याच तारखेचा नको आहे. तीन माणसांच्या या तीन इच्छा एकदा नीट मांडल्या की खलनायक शोधत बसावे लागत नाही.

मराठी वाचकाला अशा वाट पाहण्याची ओळख आधीपासून आहे, याचाही उपयोग करून घ्यावा. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी वैधव्य मानले नाही, भाऊंचा तोतया उभा राहिला आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. १९२३ सालच्या गावात ही गोष्ट माहीत असणारी माणसे असणारच, त्यामुळे ‘परत आलेला मनुष्य खरा की तोतया’ हे वळण तुमच्या कथेत घ्यायचे झाल्यास पात्रांच्या तोंडी पहिली शंका तीच आली पाहिजे. माझा सल्ला विचाराल तर ते वळण टाळावे. वाचक तेथे लेखकाच्या आधी पोचतो.

शोध घेणारी बाई कोण असावी

लंडनच्या धुक्यातला गुप्तहेर नऊवारी नेसवून बेळगावच्या स्टेशनावर उतरवण्याची हौस पुष्कळांना होते. ती आवरावी. १९२३ मधील स्त्रीला पोलिसी अधिकार नव्हते, छावणीच्या कचेरीत तिला कोणी उभे केले नसते आणि अनोळखी घराच्या माजघरात विनाकारण शिरण्याची मुभाही तिला नव्हती. म्हणून लोकांच्या घरात आणि लोकांच्या कागदांत शिरण्याचे एखादे रास्त कारण तिच्याजवळ असले पाहिजे. ते कारण अक्षरओळखीचे असू शकते. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनात स्त्रियांना शिक्षिका व परिचारिका म्हणून तयार केले जाई. तेथून शिकून मुलींच्या शाळेवर आलेली मास्तरीण संध्याकाळी आसपासच्या बायकांना पत्रे वाचून दाखवते आणि लिहूनही देते, असे धरले की तिला प्रत्येक उंबरठा मोकळा होतो. ती बाळबोध आणि मोडी दोन्ही वाचणारी हवी, कारण घरगुती कागद त्या काळी बहुधा मोडीत असत. कन्नडही तिला कामापुरते आले पाहिजे. नाहीतर चिकोडी तालुक्यातली अर्धी माणसे तिच्याशी बोलणारच नाहीत.

ती स्वतः विधवा असावी काय, याचा निर्णय सुरुवातीलाच घ्यावा. प्लेगने या भागात अनेक घरे उठवली होती, आणि प्लेगात नवरा गमावलेली बाई आपल्या नुकसानीविषयी निःशंक असते. तिच्यासमोर बसलेल्या शिपायाच्या बायकोला तेवढी खात्रीही मिळालेली नसते. हा फरक दोघींच्या बोलण्यात येऊ द्यावा, पण त्यावर भाष्य करू नये. मात्र विधवेच्या हातून पत्र घरात येणे हा काही सासवांना अपशकुन वाटेल, आणि तपासातला पहिला अडथळा तोच ठरेल.

छावणीतली कामे करायला तिला एक पेन्शनर हवालदार जोडीला द्यावा. तो तिला ‘बाई’ म्हणेल, ती त्याला ‘हवालदारमामा’ म्हणेल, आणि वयाने मोठा असूनही तो कागद तिच्याकडेच वाचायला देईल. त्याला पलटण कळते, तिला अक्षर कळते. उलगडा मात्र तिच्याच हातून व्हावा. ऐन वेळी हवालदाराने सगळे सांगून टाकण्याची युक्ती फार वापरून झाली आहे.

धागेदोरे कागदांत कसे लपवावेत

निरक्षर शिपाई पत्र सांगत असे आणि पलटणीतला कोणी लिहिणारा ते उतरवून घेत असे. म्हणून हस्ताक्षर ओळखून गुन्हेगार पकडण्याची रीत येथे निकामी आहे: एकाच माणसाची तीन पत्रे तीन अक्षरांत असू शकतात आणि तीन माणसांची पत्रे एकाच अक्षरात. पत्र खरे की बनावट हे मजकुरावरून ठरवावे लागते. कोणत्या विहिरीचा वाटा, कोणत्या म्हशीचे वेत, धाकट्या बहिणीला घरात कोणत्या नावाने हाक मारतात, हे तपशील बाहेरच्या माणसाला माहीत नसतात. मास्तरिणीला ही पत्रे परीक्षेच्या पेपरांसारखी शेजारी शेजारी ठेवून वाचू द्यावी.

पत्त्यातही धागा आहे. मेसोपोटेमियातील फौजेला ‘डी’ फोर्स म्हणत, फ्रान्सला गेलेली ‘ए’, इजिप्तची ‘ई’. शिपायाने आपला मुक्काम लिहायचा नसे, सेन्सॉर तो खोडून टाकी. पण फोर्सचे अक्षर आणि फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का शिल्लक राही. घरच्यांच्या समजुतीप्रमाणे बसऱ्याला असलेल्या मुलाच्या पाकिटावर ‘ई’ असेल, तर वाचकाने तेथे थांबावे एवढी जागा त्याला द्या. सेन्सॉरला चुकवण्यासाठी शिपाई आडून बोलत, याचीही परंपरा आपल्याकडे जुनी आहे: पानिपतची बातमी सावकाराच्या पत्रातून मोत्यांच्या आणि मोहरांच्या भाषेत आली होती, आणि ही हकीकत ऐकून माहीत असलेला शिपाई पलटणीतल्या मृत्यूंची बातमी बैलांच्या बाजारभावातून कळवू शकतो.

पैशांचा हिशेब पत्रापेक्षा क्वचितच खोटे बोलतो. शिपायाचा मूळ पगार महिना ११ रुपये होता. त्यातून घरी किती येत होते, मनीऑर्डर कोणाच्या नावे सुटत होती आणि ती कोणत्या महिन्यात थांबली, हे पावत्यांवरून दिसते. पावत्या दिराच्या पेटीत असाव्यात आणि त्यांवर अंगठा भावजयीचा असावा. आणखी काही सांगण्याची गरज नाही.

नावाची अडचण हा सर्वांत समृद्ध धागा आहे. इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिलेले नाव, एकाच गावातले दोन सारख्या नावांचे शिपाई, घरातून पळून दुसऱ्याच नावाने भरती झालेला मुलगा, हे सर्व शक्य आहे. याहून गंभीर शक्यता जातीची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद झाली होती आणि १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहीपर्यंत ती खुली झाली नाही. त्याआधी लढायला जाऊ पाहणाऱ्या महार तरुणाने मराठा म्हणून दुसऱ्याचे नाव लावले असेल, तर त्याच्या आईला सरकारदरबारी मुलगाच नाही: जो मेला त्याचे नाव तिच्या मुलाचे नव्हे, आणि ज्याचे नाव आहे तो गावात जिवंत फिरतो आहे. हा भाग लिहायचा तर त्या आईला केवळ एका प्रकरणापुरती आणू नये.

साक्षीदारांविषयी एवढेच: कुटहून परत आलेला सोबती बहुधा बोलायचे टाळतो, आणि त्याचे कारण भित्रेपणा असेलच असे नाही. वेढ्यात घोड्याचे मांस खाण्याची वेळ आली तेव्हा अनेक भारतीय शिपायांनी धर्म बुडेल या धास्तीने ते दीर्घकाळ नाकारले आणि नंतर काहींनी खाल्ले. गावात परतल्यावर कोणी काय खाल्ले हा प्रश्न उठू नये म्हणून दोन माणसे तिसऱ्याच्या मरणाविषयी ठरवून खोटे सांगतील, हे मला मालमत्तेच्या हेतूपेक्षाही पटते.

तारखा तपासताना एक सापळा टाळा. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने मुंबई इलाख्यात १० लाखांहून अधिक माणसे नेली, म्हणून कैदेतून सुटलेला शिपाई रेल्वेत या तापाने मेला असा शेवट सुचतो. पण तुर्कस्तानशी युद्धविराम ३० ऑक्टोबर १९१८ ला झाला, आणि साथीचा मोठा जोर त्या वेळेपर्यंत येऊन गेला होता. हा शेवट हवाच असेल तर शरणागतीच्या वेळी अदलाबदलीत सुटलेल्या आजारी व जखमी शिपायांत त्याला घालावे लागेल, आणि मग तो दोन वर्षे कोठे होता याचे उत्तर द्यावे लागेल.

जागा, हद्दी आणि बोली

बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. १९५६ नंतरचा सीमाप्रश्न १९२३ च्या पात्रांच्या तोंडी घालू नये. त्यांच्या दृष्टीने हद्दी वेगळ्या होत्या आणि त्या रहस्यकथेला अधिक उपयोगी आहेत. बेळगावला लागून असलेले शहापूर सांगली संस्थानात होते, रायबाग कोल्हापूरकडे होते. चार पावलांवर ब्रिटिश पोलिसांचा हुकूम संपत असे. कागद लपवायला, माणूस दडवायला किंवा दस्त दुसऱ्या कचेरीत नोंदवायला याहून सोयीचा भूगोल मिळणार नाही.

पलटणीचे कागद शोधताना आणखी एक गोंधळ उपयोगी पडेल. १९२२ च्या फेररचनेत जुने आकडे गेले: १०३ वी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन झाली, ११० वी तिसरी, ११७ वी पाचवी, आणि ११४ वी प्रशिक्षणाची दहावी. म्हणून १९२३ मध्ये हवालदारमामा छावणीत जाऊन ‘एकशेदहा’ विचारील तेव्हा नव्या कारकुनाने त्याच्याकडे नुसते पाहत राहणे अगदी शक्य आहे. उलट, १९१६ च्या प्रसंगात बेळगावात ‘मराठा लाइट इन्फंट्रीचे सेंटर’ दाखवाल तर जाणकार वाचक पुस्तक मिटेल.

पुण्याला जायचे तर मीटर गेजची गाडी, मिरजेवरून. खानापूरकडची वाट पावसाळ्यात अवघड, म्हणून जूनच्या आधी काय कळले आणि दसऱ्यानंतर काय, अशी तपासाची नैसर्गिक विभागणी होते. वर्तमानपत्रे हवी असतील तर ‘बेळगाव समाचार’ जुना आहे आणि ‘तरुण भारत’ १९१९ मध्ये निघाला. एप्रिल १९१६ च्या अखेरीस, कुट पडत असतानाच, टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली. त्या गर्दीत आपल्या माणसाची खबर विचारत फिरणारा एखादा म्हातारा पूर्वकथेत सहज बसतो.

सौंदत्तीची यल्लम्मा विसरू नये. मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला देवीच्या बांगड्या उतरवतात आणि पुढे अहेव पुनवेला ती पुन्हा सवाष्ण होते. तालुक्यातालुक्यांतून बैलगाड्यांनी आलेल्या बायका तेथे एकत्र येतात आणि कोणाच्या घरी कोणते पत्र आले हे एकमेकींना सांगतात. पोलिसांना सहा महिन्यांत मिळणार नाही ती माहिती मास्तरिणीला तेथे एका मुक्कामात मिळू शकते, आणि बेपत्ता शिपायाच्या बायकोने त्या दिवशी काय करावे हा प्रश्न कोणी उच्चारला नाही तरी हजर असतो.

बोलीचा वापर बेताने करावा. पुरुषाला ‘गा’, मुलीला ‘गे’, वाक्याच्या शेवटी ‘की’, थोरल्या बाईला ‘अक्का’, एवढ्याने संवाद या मातीचे वाटतात. मामाच्या मुलीशी लग्नाची चाल या भागात आहे, त्यामुळे सासू ही आत्याही असू शकते. तसे केल्यास कोर्टातल्या भांडणात रक्ताचे नातेही ओढले जाते.

शोधासाठी लेखकाने कोठे पाहावे

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बेळगाव खंड १८८४ चा आहे. गावे, पिके, जाती आणि वाटा यांसाठी तो अजूनही पहिला आधार. पलटणींच्या युद्धदैनंदिन्या लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ घरबसल्या पाहता येते. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदींत पलटण, तारीख आणि ‘बेळगाव’ असे शोधले की शिपायाच्या वडिलांचे नाव व गाव कधीकधी मिळते. बसऱ्याचे स्मारक १९२९ मध्ये उघडले गेले आणि त्यावर ४०,००० हून अधिक मृतांचे स्मरण आहे, पण साध्या भारतीय शिपायांची नावे तेथे भिंतीवर कोरली गेली नाहीत, फक्त संख्या आली. कमिशनच्याच २०२१ च्या अहवालात ही असमानता मान्य केलेली आहे. १९२३ ची मास्तरीण ते स्मारक पाहू शकत नाही, हे ध्यानात ठेवावे. पहिल्या महायुद्धातील कैद्यांची कार्डे आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसने जालावर ठेवली आहेत. एखादे कार्ड प्रत्यक्ष कसे दिसते हे पाहिल्यावर कथेतले कार्ड लिहिणे सोपे जाते.

उलगडा

उत्तर दिराच्या पेटीत सापडले तर वाचकाची निराशा होते. मला जमलेले वाटणारे उत्तर असे आहे: मास्तरिणीच्या आधी त्या गावात पत्रे वाचणारे कोणी गुरुजी होते, आणि १९१८ मध्ये आलेले मृत्यूचे पत्र त्यांनी म्हातारीसमोर जसेच्या तसे वाचले नाही. ‘खुशाल आहे’ असे वाचले. पुढल्या महिन्यात काहीच आले नाही तरी जुनाच कागद हातात धरून नवा मजकूर वाचला. म्हातारीने सगळे कागद देव्हाऱ्यात ठेवले, आणि कोर्टाला हवी असलेली तारीख तेथेच पाच वर्षे पडून राहिली. यात गुन्हा कोणाचा हे ठरवणे अवघड आहे, आणि शोध घेणारीचा स्वतःचा व्यवसायही तोच असल्यामुळे तिला बाजूला उभे राहता येत नाही. कागद आता तिच्या हातात आहे आणि समोर वाचता न येणारी म्हातारी बसली आहे. तो जसाच्या तसा वाचायचा तर सून जमिनीची मालकीण होते आणि त्याच क्षणी विधवाही होते. ती काय करील हे पहिले प्रकरण लिहिण्यापूर्वी ठरवून ठेवावे.

अट एकच. त्या कागदाचा संपूर्ण मजकूर वाचकाने कथेच्या पूर्वार्धात एकदा पाहिलेला असला पाहिजे: कदाचित मोडीतून अर्धवट लागलेला, कदाचित तारखेच्या जागी फसली सनाचा, म्हणजे महसुली सालाचा, आकडा असलेला. फसली सन १३२७ म्हणजे १९१७-१८, हे गणित दुसऱ्याच एखाद्या जमिनीच्या भांडणात मास्तरिणीने हवालदारमामाला आधी समजावून सांगितलेले असावे, म्हणजे उलगड्याच्या वेळी ते पुन्हा मांडावे लागणार नाही.